गाडी उभी, किल्ली खिशात, तरी केस?

धुळे-सोलापूर महामार्गावर धाब्यापुढं रात्री उशिरा जीप उभी असते. आत ड्रायव्हर सीट मागं पाडून झोपलेला, काचेतून दारूचा वास येतोय. नाकाबंदीवाले मशीन पुढं करतात. "साहेब, मी गाडी चालवतोय कुठं?" यावर आपल्याकडं दोन ठाम मतं ऐकू येतात. किल्ली खिशात असली की काही होत नाही, हे एक. स्टेअरिंगमागं सापडलात की संपलं, हे दुसरं. दोन्ही अर्धवट आहेत.

पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या १८७२ च्या कायद्यानं घोडागाडी, घोडा, गुरं किंवा वाफेचं इंजिन दारूच्या नशेत 'ताब्यात असणं' हाच गुन्हा ठरवला. १९२५ मध्ये तो मोटारींना लागला. मग रस्त्याकडेला गाडी लावून शहाणपणानं झोपलेलेही अडकू लागले. शेवटी १९५६ मध्ये सूट मिळाली: नशा उतरेपर्यंत गाडी चालवण्याची शक्यताच नव्हती हे सिद्ध करा आणि सुटा.

ब्रिटिश हिंदुस्थानसाठी १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला, तेव्हा पिऊन चालवण्याच्या कलमात हे 'ताब्यात असणं' घेतलं नाही. चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना, एवढंच ठेवलं. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं, त्यामुळं हा कायदा आपल्याकडं उशिरा आला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं पिऊन चालवण्याबद्दलचं कलम १८५ त्याच चौकटीत आहे. विशेष म्हणजे वाहन धोकादायक जागी उभं करण्याबद्दलचं कलम १२२ 'वाहन ताब्यात असलेल्या' माणसावर जबाबदारी टाकतं. म्हणजे कायद्याला ही कल्पना ठाऊक आहे, १८५ मध्ये मात्र ती नाही. माझ्या मते झोपलेल्या ड्रायव्हरच्या वकिलाचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच.

पण 'प्रयत्न' हा शब्द उरतोच. स्टार्टर मारला, मोटारसायकलला किक मारली, तर चाक फिरलं नाही तरी प्रयत्न म्हणता येतो. गाडी इथवर यानंच आणली, हे साक्षीदार किंवा टोलच्या कॅमेऱ्यातून दिसलं, तर 'उभी होती' याला फारसा अर्थ राहत नाही. ते सिद्ध करणं सरकारी पक्षाचं काम. नुसत्या वासावर भागत नाही; तोंडाला वास, अडखळती चाल यावरून नशा सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात म्हटलं. १९९४ च्या दुरुस्तीनं १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आली. विनावॉरंट अटक केली तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. रात्री आडगावच्या ठाण्यातून ग्रामीण रुग्णालय गाठायचं म्हणजे हे दोन तास किती, ते पोलिसांनाच विचारा. २०१९ च्या दुरुस्तीनं पहिल्या गुन्ह्याला दंड दहा हजार, कैद सहा महिन्यांपर्यंत, किंवा दोन्ही.

१८५ टिकलं नाही तरी सुटका होईलच असं नाही. सार्वजनिक ठिकाणी झिंगून स्वतःवर ताबा न राहणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ८५ खाली वेगळा गुन्हा आहे. त्याला गाडी लागतच नाही.

आणि ज्यानं स्टेअरिंगला हातही लावला नाही, त्याचं काय? त्याच्यासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १८८ आहे. पिऊन चालवायला चिथावणी किंवा मदत करणाऱ्याला तीच शिक्षा. मित्र तर्र आहे हे दिसत असताना "चल रे, काही होत नाही" म्हणत त्याच्या हातात आपली किल्ली देणारा मालक यात येऊ शकतो. आपल्याकडं वरातीत हे सर्रास चालतं.

ऊसतोडीच्या हंगामात बंद पडलेला ट्रॅक्टर दुसऱ्याला बांधून ओढत नेतात. मागच्यावर बसलेला म्हणेल, माझं इंजिनच बंद आहे. पण ओढल्या जाणाऱ्या वाहनाचं स्टेअरिंग धरणाराही कायद्याच्या व्याख्येत चालकच आहे.