दोघींच्या मेंदूतला जास्तीचा भाग

आपल्या मेंदूत एक जास्तीचा भाग आहे, त्याच्यामुळेच आपल्याला 'चौथं जग' कळतं, आणि असा मेंदू जेमतेम दहाजणांकडे असतो. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या पॉलिन पार्कर या शाळकरी मुलीनं एप्रिल १९५३मध्ये डायरीत असं लिहून ठेवलं होतं. चौथं जग म्हणजे तिनं आणि तिची मैत्रीण ज्यूलिएट ह्यूम हिनं मिळून कल्पिलेला स्वर्ग. पुढे सव्वा वर्षानं, २२ जून १९५४ रोजी, या दोघींनी व्हिक्टोरिया पार्कमधल्या पायवाटेवर पॉलिनच्या आईचा खून केला. हत्यार होतं पायमोज्यात घातलेली अर्धी वीट. पॉलिन तेव्हा १६ वर्षांची होती, ज्यूलिएट १५ वर्षांची.

पीटर जॅक्सन यांचा 'हेवनली क्रीचर्स' (१९९४) हा चित्रपट या प्रकरणावर आहे. मेलनी लिन्स्की आणि केट विन्स्लेट या दोघींचाही हा पहिलाच चित्रपट. पॉलिनच्या तोंडचं निवेदन खऱ्या डायरीतून घेतलंय. मुलींनी रचलेल्या राज्यातली मातीची माणसं पडद्यावर माणसाएवढी होऊन नाचतात, तेव्हा त्या जगाची ओढ आपल्यालाही लागते. हीच मला या चित्रपटाची सर्वांत मोठी ताकद वाटते. बाहेरून विकृत दिसणारी गोष्ट आतून किती आनंदाची असू शकते, हे त्यात कळतं.

त्या डायरीतला 'आपण' हा शब्द मात्र मला जास्त अस्वस्थ करतो. भ्रम सहसा एकट्याचा असतो. इथे तो अनेकवचनात आहे.

१८७७ साली लासेग आणि फाल्रे या फ्रेंच डॉक्टरांनी अशा अवस्थेचं वर्णन केलं आणि तिला 'फोली आ द', म्हणजे दोघांचं वेड, असं नाव दिलं. त्यांच्या निरीक्षणात एकजण खरा आजारी असतो. तो बहुधा अधिक हुशार आणि वरचढ असतो, दुसरा त्याच्या कलानं घेणारा. दोघं बराच काळ जगापासून तुटून एकत्र राहतात, आणि भ्रमही असा असतो, की दुसऱ्याला तो शक्य वाटावा. त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता: दोघांना वेगळं करा. बाहेरच्या माणसांत गेल्यावर दुसऱ्याचा भ्रम पुष्कळदा ओसरतो.

क्राइस्टचर्चमध्ये हे चित्र नीट जुळत नाही. ज्यूलिएटला क्षयामुळे काही महिने रुग्णालयात ठेवलं, तेव्हा मैत्री निवळली नाही. दोघी आपापल्या काल्पनिक पात्रांच्या नावानं पत्रं लिहू लागल्या आणि जग आणखी घट्ट झालं. पुढे ज्यूलिएटच्या आईवडिलांचा संसार मोडला आणि तिला दक्षिण आफ्रिकेला धाडायचं ठरलं. पॉलिनलाही जायचं होतं. आई जाऊ देणार नाही, असं तिनं मनाशी पक्कं धरलं. ताटातुटीचं भय हेच खुनाचं कारण ठरलं.

खटल्यात बचाव पक्षाचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. रेजिनाल्ड मेडलिकॉट यांनी दोघींना 'फोली आ द' असल्याचं सांगितलं. समलिंगी आकर्षणाचा संशयही तेव्हा आजाराच्या खात्यात टाकला गेला. आज तो मुद्दा मानसोपचारात टिकत नाही, आणि टिकू नयेच. कायद्याचा प्रश्न वेगळा होता: आपण काय करतोय आणि ते चूक आहे, हे आरोपीला कळत होतं का? इंग्लंडमधल्या १८४३च्या मॅकनॉटन खटल्यातून आलेली ही कसोटी भारतीय दंड संहितेच्या कलम ८४मध्येही होती. खुनाच्या दिवशी सकाळी पॉलिननं डायरीत 'सुखद घटनेचा दिवस' असं शीर्षक लिहिलं होतं. ज्या डायरीत डॉक्टरांना भ्रम दिसला, तिच्यातच सरकारी पक्षाला थंड डोक्यानं केलेली आखणी दिसली. ज्यूरीनं दोघींना दोषी ठरवलं. वय कमी म्हणून फाशी टळली आणि सुमारे पाच वर्षांनी त्या सुटल्या.

मला वाटतं, 'वेड्या की दुष्ट' या वादात त्यांचं वय मागे पडलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५मध्ये गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळातून दाखवलं, की मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुलं एकटं खेळताना घेतात त्याहून बराच जास्त धोका पत्करतात. प्रौढांवर असा परिणाम दिसला नाही. बक्षिसाची, कौतुकाची ओढ लावणारी मेंदूतली यंत्रणा त्या वयात जोरात असते. लगाम घालणारा कपाळामागचा भाग मात्र विशीतही पक्व होत असतो. अमांडा रोझ यांनी २००२मध्ये मैत्रीतली आणखी एक सवय मोजली: दोघांनी एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळत बसणं. अशा मैत्रीत जवळीक जास्त दिसली, आणि उदासी व चिंताही. म्हणजे जे जवळ आणतं, तेच मन पोखरतही असतं. अर्थात यातलं काहीच खुनापर्यंत नेत नाही. लाखो मुली अशी गुपितं वाटून घेतात आणि सुखानं मोठ्या होतात. इथे आजारपण, एकटेपण आणि येऊ घातलेली ताटातूट, सगळं एकाच वेळी आलं.

चित्रपट आला त्याच वर्षी उघड झालं, की रहस्यकथालेखिका ॲन पेरी म्हणजेच ज्यूलिएट. पुढे मुलाखतींत त्यांनी चौथ्या जगापेक्षा एका साध्या भीतीबद्दल सांगितलं: आपण साथ दिली नाही तर पॉलिन जीव देईल, असं त्यांना तेव्हा वाटत होतं.