पिकॅडिली लाइनचं वळण आणि हाडांचा ढीग

लंडनच्या भुयारी रेल्वेचा एक किस्सा वर्षानुवर्षं फिरतोय. नाइट्सब्रिज आणि साउथ केन्सिंग्टनच्या मधे पिकॅडिली लाइन वळते, कारण म्हणे तिथे १६६५च्या प्लेगमध्ये पुरलेल्या प्रेतांचा एवढा खच होता की बोगदा खणताच येईना. ऐकायला झकास, पण निव्वळ बाता!

प्लेगचे खड्डे असायचे जमिनीखाली काही मीटरच. बोगदा त्याच्या बराच खालून, चिकणमातीतून जातो. आणि त्या काळी हा भाग, म्हणजे ब्रॉम्प्टन, हे शहराबाहेरचं शेतमळ्यांचं गाव. इतकी प्रेतं तिथवर नेणार कोण? खरं कारण अगदीच व्यवहारी. खासगी मालमत्तेखालून जायचं तर मालकाला पैसे मोजावे लागत, म्हणून सुरुवातीचे बोगदे शक्यतो रस्त्याखालून नेले. वर रस्ता वळला की खाली गाडीही वळते.

याच टप्प्यात ब्रॉम्प्टन रोड हे बंद स्टेशन आहे. १९०६ साली उघडलं, पण प्रवासी फिरकेनात. १९३४ साली कुलूप. पुढे महायुद्धात तिथून विमानविरोधी तोफांची सूत्रं हलत. ओरेटरी चर्चशेजारच्या गल्लीत त्याची काळपट लाल, चकचकीत टाइल्सची भिंत अजून उभी आहे.