सागरी मत्स्यटाकीचे पाणी : समुद्रातले की मीठ कालवलेले

क्लाउनफिश, डॅमसेल यांसारखे सागरी मासे घरी पाळताना टाकीत भरायचे पाणी दोन वाटांनी मिळते : समुद्रातून थेट आणून, किंवा गोड्या पाण्यात तयार सागरी मीठ विरघळवून. रत्नागिरीकराला पहिली वाट सोपी, सोलापूरकराला दुसरीवाचून इलाज नाही. बेळगावचे मात्र अधेमधे आहे. शहर सुमारे ७५० मीटर उंचीवर, पण चोर्ला घाटाने गोवा आणि आंबोलीने वेंगुर्ले एका दिवसात जाऊन येण्याजोगे. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या हौशी मंडळींपुढे हा प्रश्न खरोखरच उभा राहतो.

खुल्या समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतला सुमारे ८५ टक्के वाटा सोडियम व क्लोराइडचा; उरलेल्यात मुख्यतः सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन-जहाजाने जगभरातून आणलेल्या समुद्रपाण्याच्या ७७ नमुन्यांचे विश्लेषण रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केले. पाणी कमी-जास्त खारट असले, तरी मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच राहते, हे त्यातून पक्के झाले. तयार मीठ करणारे हेच प्रमाण साधण्याचा प्रयत्न करतात.

वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याच्या मिठागरातले खडेमीठ पाण्यात विरघळवले तर पुन्हा समुद्रच होईल, हा समज इथे बराच आढळतो. तसे होत नाही. मिठागरात पाणी आटताना आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम तळाशी बसतात. मूळ पाण्याचा साधारण दहावा हिस्सा उरला की खाण्याचे मीठ धरू लागते, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम बहुतांशी मागे उरलेल्या कडू पाण्यात राहून फेकले जातात. खडेमिठाने पाण्याची घनता हवी तेवढी येईल, मासा काही दिवस तगेलही. पण प्रवाळासारखे कॅल्शियमवर वाढणारे जीव त्यात टिकणार नाहीत.

समुद्राचे पाणी आणायचे तर दिवस पाहून आणावे. जून ते सप्टेंबरात मांडवी, झुआरी, तेरेखोल या नद्या लाल गढूळ लोंढे किनाऱ्यावर ओततात आणि वरच्या थराचा खारटपणा उतरतो. गणपतीला गोव्या-कोकणात गेलेले लोक परतताना हौसेने कॅन भरून आणतात, ते नेमके याच दिवसांत! फेब्रुवारीपासून कधीकधी समुद्रावर भुशासारखा तपकिरी तवंग दिसतो. ते ट्रायकोडेस्मियम हे सूक्ष्मजीव असतात. पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या वाळूवर डांबराचे गोळे येऊन पडतात. राहिले डिसेंबर-जानेवारी. तेव्हाही नदीमुख आणि बंदर टाळून, भरतीच्या वेळी, खडकाळ टोकावरून पाणी घ्यावे. प्लास्टिकचेच कॅन वापरावेत. घरी आणल्यावर दाट कापडातून गाळून दोनेक आठवडे अंधारात झाकून ठेवावे, म्हणजे त्यातले प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) मरून तळाशी बसते. मग वरचे नितळ पाणी काढून त्यात हवा सोडावी. पाण्यासोबत जिवंत प्रवाळाचा तुकडा उचलण्याचा मोह नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो गुन्हा ठरतो.

मिठाच्या वाटेने जाणाऱ्याने मिठाइतकेच लक्ष ते ज्यात विरघळवायचे त्या पाण्याकडे द्यावे. राकसकोप आणि हिडकल या जलाशयांतून येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, बोअरचे पाणी बहुधा जड. म्हणून आरओचे, म्हणजे बारीक पडद्यातून (मेंब्रेन) दाबाने गाळून क्षार काढलेले पाणी घेतात. यात एक मेख आहे. स्वयंपाकघरातल्या पुष्कळ आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी किंवा खनिजे परत मिसळलेली असतात. तोटीचे पाणी टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरने मोजावे; आकडा शंभरच्या घरात आला, तर मेंब्रेनमधून निघणारे पाणी वेगळे काढून घ्यावे.

२०० लिटरच्या टाकीत दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे म्हटले, तर २० लिटरचा एक कॅन लागतो आणि त्यात सुमारे पाऊण किलो मीठ जाते. बादलीत आधी पाणी घ्यावे, छोटी मोटर चालू ठेवून मीठ थोडेथोडे सोडावे. मिठावर पाणी ओतले, तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरट साका धरतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. एक दिवस फिरू देऊन रिफ्रॅक्टोमीटरने (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारटपणा मोजणारे उपकरण) गोड्या पाण्याच्या तुलनेतली घनता पाहावी; २५ अंश सेल्सियसला १.०२५ ते १.०२६ असावी.

बेळगावसाठी वर्षभराची भिस्त मिठावरच ठेवणे शहाणपणाचे. टाकीत मासा आजारी पडून तातडीने पाणी बदलायची वेळ आली आणि भर पावसात घाट बंद असला, तर समुद्र जवळ असून उपयोग नाही. हिवाळ्यात गोव्याला जाणे झालेच, तर चार कॅन आणावेत. खारटपणा आणि तापमान टाकीएवढे करून घेतल्यावर ते आपल्या पाण्यात मिसळायला हरकत नसते.

दोन्ही प्रकारांत सारखीच होणारी एक चूक म्हणजे मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पातळी घटली की वरून खारे पाणी भरणे. वाफ होऊन फक्त पाणी जाते, मीठ टाकीतच राहते. ही तूट आरओच्या गोड्या पाण्यानेच भरून काढावी.