श्रीशैलची वाट : सोलापूर ते नल्लमला

बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर कोवळ्या वयात मल्लय्याच्या, म्हणजे मल्लिकार्जुन महादेवाच्या शोधात श्रीशैलला गेले आणि देवानंच त्यांना परत सोन्नलगीला, म्हणजे आजच्या सोलापूरला धाडलं, ही कथा इथं घरोघरी माहीत आहे. वाटेबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. खरी परीक्षा वाटेतच होती.

श्रीशैल नल्लमलाच्या डोंगरात आहे. उत्तरेला कृष्णेची खोल दरी, बाकी तिन्ही बाजूंना जंगल. हे रान चेंचू आदिवासींचं. मध, डिंक, कंदमुळं आणि शिकार यांवर जगणाऱ्या या लोकांना सोबत घेतल्याशिवाय यात्रेकरूंचं पाऊल पुढं पडत नसे. वाट दाखवायची, वाटमारीपासून राखायचं आणि त्याचा मोबदला घ्यायचा, हा त्यांचा जुना हक्क. मल्लिकार्जुनानं चेंचूंची मुलगी केली, म्हणून ते त्याला आपला जावई मानतात. जावयाच्या दारी जाणाऱ्यांकडून हक्क घ्यायला कसला संकोच!

चौदाव्या शतकात रेड्डी राजा प्रोलय वेमानं श्रीशैलच्या वाटेवर पायऱ्या बांधल्या. 1677 मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराज श्रीशैलला येऊन राहिले. मंदिराचं उत्तरेचं गोपुर आजही त्यांच्या नावानं ओळखलं जातं. कर्नाटक-महाराष्ट्रातले भाविक मात्र गुढीपाडव्याच्या सुमारास आत्मकूरकडून नागलूटीच्या रानातून चालत जात. अजूनही कित्येक जण जातात.

सोलापूरहून जाणारी रेल्वे 1871 मध्ये रायचूरला पोचली आणि पायपीट बरीच कमी झाली. डोंगरावर रूळ कधीच चढले नाहीत. जवळचं मार्कापूर रोड स्टेशनही सुमारे 85 किलोमीटरवर आहे. वाट खऱ्या अर्थानं मोकळी केली ती घाटरस्त्यानं आणि 1980च्या दशकात पुऱ्या झालेल्या कृष्णेवरच्या धरणानं.

2014 पासून तीच कृष्णा इथं तेलंगण आणि आंध्र यांची सीमा झाली. त्यामुळं नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, हैदराबाद असं जाणारा सोलापूरकर महाराष्ट्र सोडल्यावर तीन राज्यं पाहतो. शेवटचा टप्पा अमराबाद व्याघ्र प्रकल्पातून जातो. मन्ननूरचं वननाकं रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतं, त्यामुळं सोलापूरहून दुपारी निघालेल्या गाडीला रात्र नाक्याअलीकडेच काढावी लागते.