पगार हातात येण्याआधीच

हौसमौज न सोडता पैसे कसे साठवायचे, असं आज पुण्यात तिशीतली मुलं विचारतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा आजी-आजोबा असतात. एक पगार, दोन खोल्या, खाणारी सहा तोंडं. तरी मुलांची शिक्षणं झाली, लग्नं झाली आणि निवृत्तीच्या सुमारास कोथरूडला फ्लॅटही झाला. शिवाय बालगंधर्वला नाटकं पाहिली, सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या रात्री जागवल्या, मे महिन्यात आंब्याची पेटी घरात आली. हे कसं जमलं, असं विचारलं की सगळे एकच शब्द सांगतात: काटकसर. मला तो शब्द अपुरा वाटतो. काटकसर होतीच, पण तिला आधार देणारी एक घडी पुण्यात तीन-चार पिढ्या बसत गेली होती.

या घडीची सुरुवात कर्जापासून होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं-घरं फोडून कर्जरोखे बाहेर काढले आणि जाळले. माणसांपेक्षा कागदांवर राग होता. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारी पाशातून दिलासा देणारा कायदा आला. पण कर्ज थोपवणं वेगळं आणि गाठीला पैसा असणं वेगळं. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या पुण्याजवळच्या गावाची घरोघर पाहणी केली आणि ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. जमिनीचे बारीक तुकडे आणि घरटी कर्ज, असंच चित्र त्यात दिसतं. त्याच पिंपळे सौदागरात आज उंच इमारती आहेत आणि त्यातल्या कितीतरी घरांवर वीस-वीस वर्षांची गृहकर्जं आहेत. तिथून जाताना मला दर वेळी ती पाहणी आठवते.

शहरात मात्र पैसा ठेवायला जागा तयार होत होत्या. १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक सुरू झाली. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि दोनच वर्षांत, १९०६ मध्ये, पुण्यात कॉसमॉस बँक उभी राहिली. प्रा. वा. गो. काळे आणि धों. कृ. साठे यांच्या पुढाकारातून निघालेल्या बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी १९३५ ची, कामकाज फेब्रुवारी १९३६ पासूनचं. दागिना किंवा पुरचुंडी यापलीकडे आपला पैसा आपल्याच माणसांच्या संस्थेत ठेवायचा, ही सवय मध्यमवर्गाला इथून लागली.

तरीही बँका म्हणजे फक्त जागा. पैसा तिथपर्यंत न चुकता पोहोचायला लागला तो स्वातंत्र्यानंतर, कारखान्यांच्या काळात. १९५२ मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला, १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ आलं. पिंपरी, आकुर्डी, खडकीच्या कारखान्यांत हजारो लोकांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळू लागला. माझे वडील त्यांतलेच. पगाराच्या पाकिटासोबत एक अरुंद चिठ्ठी असे. प्रॉव्हिडंट फंड, पतपेढीची वर्गणी, पतपेढीची सक्तीची ठेव, विम्याचा हप्ता, असं सगळं वजा होऊन उरलेला आकडा तळाशी. घरात 'पगार' म्हणजे तो तळाचा आकडा. वरचा आकडा आईने कधी हिशेबात धरलाच नाही. त्यामुळे साठवण्यासाठी मन मारावं लागतंय, असं कुणाला वाटायचं कारणच नव्हतं. जे हातात आलंच नाही, त्याची चुटपुट कसली?

पतपेढीबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण आजच्या मुलांना ती फारशी माहीत नाही. एकाच कारखान्यातल्या कामगारांची ती संस्था. दरमहा थोडी वर्गणी, आणि अडीअडचणीला दोन जामीनदार दिले की आकस्मिक कर्ज, तेही आठवड्याभरात. दिवाळीच्या सुमारास लाभांश आणि एखादं स्टीलचं भांडं. आमच्याकडचा पाण्याचा पिंप पतपेढीचाच. दुखणं-बाणं निघालं तर मुदत ठेव मोडावी लागत नसे, सोनं गहाण टाकावं लागत नसे. साठवलेल्या पैशाला हात न लावता वाईट महिना निभावून नेण्याची ती सोय होती.

बायकांची व्यवस्था वेगळी. वाड्यात बारा बिऱ्हाडं, बारा बायकांची भिशी, दरमहा पन्नास रुपये. पहिल्या महिन्याचे सहाशे भिशी चालवणाऱ्या काकूंचे, पुढे चिठ्ठ्या. पितळी वाटीत बारीक घड्या घातलेल्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि सगळ्यांत लहान पोराने एक उचलायची. ते पोर बरीच वर्षं मीच होतो. भिशी लागली की कुणाच्या घरी प्रेशर कुकर येई, कुणाकडे शिलाई मशीन, कुणी गुरुपुष्याला लक्ष्मी रोडवर जाऊन सोन्याचं वेढणं घेई. हौस भागायची ती याच पैशातून, घरखर्चाला धक्का न लावता. त्यात १९७२ पासून पोस्टाच्या आवर्ती ठेवीसाठी महिला प्रतिनिधी नेमायला सुरुवात झाली. आमच्याकडे येणाऱ्या बाई महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारात उभ्या राहत. चहा होई, कार्डावर सही होई, पन्नास रुपये जात. दारात आलेल्या माणसाला 'या महिन्यात नाही' म्हणणं आईला जमत नसे, आणि ते किती बरं झालं!

आता यातली सगळ्यांत मोठी गोष्ट, जिचं नाव बचतीच्या गप्पांत कुणी घेत नाही: घरभाडं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वाड्यांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांचं भाडं अठरा रुपये होतं आणि मी कॉलेजात जाईपर्यंत ते अठराच राहिलं. वडील कंपनीच्या बसने कामावर, आम्ही मुलं सायकलवर, शाळेची फी नाममात्र. मोठे खर्चच इतके लहान होते, की नाटकाच्या तिकिटावर बचतीची गदा येतच नव्हती. वर्तमानपत्र दोन बिऱ्हाडांत एक, दिवाळी अंक वाचनालयातून. स्कूटर हवी असेल तर नोंदणी करून काही वर्षं थांबावं लागे, आणि नंबर लागेपर्यंत तिचे पैसे साठूनही जात. या स्वस्ताईचा भार मात्र कुणीतरी सोसत होतंच. एवढ्याशा भाड्यात मालकांना डागडुजी परवडेना. वाडे खचत गेले. आमच्या संसाराच्या शिलकीत त्या घरमालकाचाही वाटा होता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

त्या काळी व्याजही साथ देत होतं. १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत पीपीएफवर, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवर, १२ टक्के मिळत, म्हणजे सहा वर्षांत रक्कम दुप्पट. एप्रिल २०२० पासून तो दर ७.१ टक्के आहे, दुप्पट व्हायला दहा वर्षं लागतात.

मग एकेक टेकू निघत गेला. १९९० च्या दशकाअखेरीस हिंजवडीत आयटी पार्क उभं राहू लागलं. पगार वाढले, पण घरांच्या किमती त्याहून पुढे पळाल्या. नव्या भाडे कायद्याची अंमलबजावणी ३१ मार्च २००० पासून झाली, आणि आता घर भाड्याचं असो वा कर्जाचं, पगाराचा मोठा लचका तिथेच जातो. २००१ मध्ये युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ या योजनेची विक्री-खरेदी थांबली आणि खात्रीची म्हणून धरलेली गुंतवणूकही अडकू शकते, हे निवृत्तांना कळलं. पुढे पुण्यातल्याच एका जुन्या नागरी सहकारी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. माझ्या मावशीचे पैसे तिथे वर्षानुवर्षं अडकले होते. ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणारं संरक्षण, १९६२ मध्ये १५०० रुपयांपासून सुरू झाला होता, १९९३ पासून एक लाखावर थांबला होता. तो पाच लाख झाला फेब्रुवारी २०२० मध्ये, तेव्हा मावशी ऐंशीच्या पुढे गेली होती.

आजची आकडेवारी दोन्ही बाजू दाखवते. २०२२-२३ मध्ये देशातल्या कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे कर्ज वजा जाता उरलेली, जीडीपीच्या सुमारे ५ टक्क्यांवर आली. कित्येक दशकांत ती इतकी खाली गेली नव्हती. त्याच वेळी एसआयपीतून, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली रक्कम टाकण्याच्या सोयीतून, महिन्याला येणारी रक्कम वाढत होती आणि एप्रिल २०२४ मध्ये तिने वीस हजार कोटींचा टप्पा ओलांडला. एसआयपीचं तंत्र बघितलं तर ती पगाराची अरुंद चिठ्ठीच आहे: ठरलेल्या तारखेला पैसे आपोआप वळते होतात. फरक एवढाच की पूर्वी ही कपात कारखाना ठरवत असे. आता ती ज्याची त्याला लावून घ्यावी लागते, आणि बाजार पडला की थांबवण्याचं बटणही त्याच्याच हातात असतं. पतपेढीची जागा मात्र रिकामीच राहिली. अडचणीला क्रेडिट कार्ड किंवा ॲपवरचं कर्ज, आणि त्याचं व्याज पतपेढीच्या व्याजापुढे फारच जबर. म्हणून आधी चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, असं मी भेटेल त्याला सांगतो.

भाची वाकडला राहते. पगार महिनाअखेरीला जमा होतो, दोन तारखेला एसआयपी जाते, पाच तारखेला घराचा हप्ता. ऑफिसातल्या दहाजणींची भिशीही आहे, पैसे यूपीआयने, चिठ्ठी व्हिडिओ कॉलवर. आमच्या घरात 'हप्ता' म्हणजे विम्याचा, हे सांगितल्यावर तिला नवल वाटलं. परवा तिला आईची हिशेबाची वही दाखवली. डिसेंबर १९७८ चं पान उघडलं. सगळ्यांत वर 'पोस्ट ५०', खाली 'भिशी ५०', मग 'भाडं १८'. त्याच्याखाली, वाण्याच्या यादीच्याही आधी, आईच्या टपोऱ्या अक्षरात: 'सवाई, दोन तिकिटं.'