पीठ कमी पडलं त्या रात्री

बीड जिल्ह्यातल्या एका गावात राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर चालू होतं. ५० मुलं-मुली, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक. बौद्धिकासाठी मला बोलावलं होतं. त्या दिवशी गावकरीही बंधाऱ्यावर राबायला आले, त्यांना जेवायला थांबवून घेतलं आणि रात्री ज्वारीचं पीठ संपलं. निम्मी पोरं पिठलं-भातावर उठली. गटप्रमुख बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा. त्यानं आधी स्वयंपाकाच्या गटावर तोंडसुख घेतलं, मग शाळेच्या ओट्यावर एकटाच जाऊन बसला.

मी जवळ गेलो तर म्हणाला, "सर, माझ्यानं एक काम धड होत नाही बघा. उगं प्रमुख केलं मला."

"हेच तुझ्या मित्राच्या हातून झालं असतं तर?"

"त्याला काय म्हणणार? म्हणलो असतो, जाऊ दे बे, सकाळी गिरणीत जाऊन येऊ."

चूक तीच, पण मित्राला एक न्याय आणि स्वतःला दुसरा. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली, माणूस अडचणीत स्वतःशी कितपत मायेनं वागतो, म्हणजे त्याची आत्मकरुणा, मोजण्यासाठी २६ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. आत्मकरुणेचे त्यांनी तीन पदर सांगितले. स्वतःला फटकारण्याऐवजी आपलेपणानं वागवणं, हा पहिला. अपयश माणसाच्या वाट्याला येतंच, ते माझ्या एकट्याचं नाही, ही जाणीव हा दुसरा. आणि झालेलं दुःख न दडपता, पण त्यात वाहूनही न जाता, आहे तेवढंच पाहणं हा तिसरा. मराठीत 'करुणा' म्हटलं की चटकन कीव आठवते, म्हणून सांगतो: स्वतःची कीव करणारा माणूस 'माझ्याच नशिबी का' म्हणतो. दुसरा पदर त्याच्या बरोबर उलट आहे.

हा दुसरा पदर समजायला लातूरला जावं. तिथल्या खासगी शिकवण्यांच्या 'ट्यूशन एरिया'त निकालानंतर चौकाचौकात गुणवंतांचे फ्लेक्स लागतात. त्याच गल्लीतल्या खोल्यांवर आणखी एक वर्ष काढायला थांबलेली पोरं असतात, रिपीटर. त्यांचा फ्लेक्स कोण लावणार? त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, सगळ्यांचं झालं, माझंच राहिलं. आता हिशेब बघा. २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला २३ लाखांहून जास्त विद्यार्थी बसले आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा १ लाखाच्या थोड्याच वर. म्हणजे ज्याचा नंबर लागला नाही तो लाखोंच्या गर्दीत आहे, पण फ्लेक्सखालून जाताना त्याला एकटं वाटतं. अर्थात, गावाकडची जमीन गहाण टाकून आलेल्या पोराला नुसतं 'स्वतःशी प्रेमानं वाग' असं सांगणं मला क्रूर वाटतं. फी, खोलीभाडं, मेस यांचे प्रश्न करुणेनं सुटत नाहीत. मात्र त्या ओझ्यावर स्वतःच्याच शिव्यांचं आणखी एक पोतं लादायचं की नाही, एवढं तरी त्याच्या हातात राहतं.

यावर आपल्याकडं ठरलेला आक्षेप येतो. स्वतःला असं सांभाळून घेतलं तर पोरगं आळशी होईल, टोचणी हवीच. हा आक्षेप प्रयोगशाळेत तपासून झाला आहे. जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात विद्यार्थ्यांना शब्दांची अवघड परीक्षा दिली, जिच्यात बहुतेकांची दांडी उडावी. मग एका गटाला सांगितलं, अशी परीक्षा अवघड जाणं साहजिक आहे, स्वतःवर फार कठोर होऊ नका. दुसऱ्या गटाचा अहंकार कुरवाळला, की तुम्ही हुशारच आहात म्हणून इथवर आलात. तिसऱ्याला काहीच सांगितलं नाही. पुढच्या परीक्षेआधी हवा तेवढा वेळ अभ्यास करायची मुभा होती. सर्वांत जास्त वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटानं.

असं का होत असेल? इंग्लंडमधल्या डर्बी विद्यापीठाचे पॉल गिल्बर्ट भावनांची तीन यंत्रणांत विभागणी करतात: धोका ओळखणारी, काहीतरी मिळवायला पळवणारी आणि शांतवणारी. त्यांच्या मते आपण स्वतःवरच ओरडतो तेव्हाही धोक्याचीच यंत्रणा जागी होते, जणू समोर कुणी मारायला उभा आहे. छाती धडधडते, अंग आखडतं आणि डोकं सुटकेचा रस्ता शोधू लागतं. अशा वेळी चुकीकडं शांतपणे कोण बघणार? पुस्तक उघडण्यापेक्षा पुस्तकापासून पळणंच सोपं वाटतं. आणि स्वतःपासून पळता येत नसेल तर दुसऱ्यावर ओरडायचं, जसा आमचा गटप्रमुख ओरडला.

इथून गोष्ट नेतृत्वाकडं वळते. आपली म्हण आहे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. स्वतःवर माया नाही तो दुसऱ्याला काय देणार, असं मीही बरीच वर्षं भाषणांत ठोकून द्यायचो. संशोधन वाचलं आणि जरा ओशाळलो. नेफ आणि एलिझाबेथ पोमिअर यांनी २०१३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थी, प्रौढ नागरिक आणि नियमित ध्यान करणारे अशा तीन गटांची तुलना केली. प्रौढांत आणि ध्यान करणाऱ्यांत आत्मकरुणा आणि इतरांविषयीची करुणा यांचा संबंध दिसला. विद्यार्थ्यांत तो दिसलाच नाही. म्हणजे स्वतःला रोज टोचणारी पोरं-पोरीही इतरांसाठी जीव टाकू शकतात, आणि हे आपण बघतोच की. धाकट्या भावाच्या फीसाठी स्वतःचं शिक्षण सोडणाऱ्या बहिणी मराठवाड्यात गावोगाव आहेत. आडात खडखडाट असला तरी पोहरा काही काळ भरून येतो.

किती काळ, हा खरा प्रश्न. त्याच अभ्यासात तिन्ही गटांत एक गोष्ट सारखी निघाली: आत्मकरुणा जास्त असलेली माणसं दुसऱ्याचं दुःख पाहून स्वतः कमी कोलमडतात आणि समोरच्याच्या जागी उभं राहून जास्त पाहू शकतात. दुसऱ्याच्या दुःखानं कोलमडणं आणि त्याच्याविषयी करुणा वाटणं यातला फरक ओल्गा क्लिमेकी आणि तानिया सिंगर या संशोधकांनी मेंदूच्या स्कॅनमध्येही दाखवला. माणसांच्या यातनांचे व्हिडिओ बघताना केवळ त्यांची वेदना आपल्यात उतरवायला शिकलेल्यांचा त्रास वाढला. त्याच लोकांना नंतर करुणेचं, म्हणजे 'याचं भलं व्हावं' या भावनेचं प्रशिक्षण दिलं, तेव्हा त्रास उतरला आणि मेंदूतले वेगळेच भाग उजळले, आपुलकीशी आणि समाधानाशी नातं असलेले. दुष्काळात, आत्महत्या झालेल्या घरी, ऊसतोडीच्या फडावर काम करणारे तरुण कार्यकर्ते तीन-चार वर्षांत विझून जाताना मी पाहिले आहेत. त्यांच्यात संवेदना कमी होती असं कुणी म्हणू नये.

नेतृत्वाबद्दलचं माझं आवडतं संशोधन मात्र रुग्णालयातलं आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन १९९० च्या दशकात औषधं देताना होणाऱ्या चुका मोजत होत्या. चांगल्या परिचारिका-गटांत चुका कमी असतील, ही त्यांची अपेक्षा. आकडे उलटे आले. जिथं प्रमुख चांगली, तिथंच चुकांची नोंद जास्त. खोदून पाहिल्यावर उलगडा झाला: तिथं चूक सांगायची भीती नव्हती. बाकी ठिकाणी लोक चुका झाकत होते. मला वाटतं, ज्या प्रमुखाला स्वतःची चूक सोसवत नाही त्याच्यासमोर दुसऱ्याची चूक उघडी पडूच शकत नाही.

त्या रात्री ओट्यावर स्वयंपाकाच्या गटातली एक मुलगी ताट घेऊन आली. कुणीतरी गावातून दोन भाकरी मागून आणल्या होत्या. ताट ठेवता ठेवता ती म्हणाली, पीठ पुरणार नाही हे आम्हाला दुपारीच कळलं होतं.

"मग सांगितलं का नाही?" तो म्हणाला.

ती गप्प राहिली. तो माझ्याकडं बघायला लागला, मग ताटाकडं.

सकाळच्या हजेरीला तो उभा राहिला. आवाज जरा चिरकत होता. म्हणाला, "काल पिठाचा अंदाज मी चुकवला. आणि वरून तुमच्यावरच ओरडलो. आज काही कमी पडतंय असं दिसलं तर लगेच सांगा."

मागच्या रांगेतून हात वर आला. "तेल आजच संपतंय बघ."

"किती आणायचं?" त्यानं विचारलं आणि खिशातून पेन काढलं.