फायरवॉलच्या लॉगमधला गोंगाट

घरी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कमधली ये-जा नियमांप्रमाणे सोडणारी किंवा अडवणारी यंत्रणा, बसवून पहिल्यांदा तिचा लॉग, म्हणजे नोंदवही, उघडला की छातीत धस्सच होतं. ओळींमागून ओळी, बहुतेक एकाच साच्याच्या: बाहेरून आलेलं टीसीपी पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा), पोर्ट (उपकरणावरचं एका सेवेचं क्रमांकाचं दार) २३, ब्लॉक. पाठवणारा पत्ता परदेशातला. नागपुरात मनीषनगरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटवर कुणाचा डोळा असेल?

कुणाचाच नाही. इंटरनेटचे सगळे सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ते (उपकरणांचे आकडी पत्ते) एका संगणकावरून, एका गिगाबिट जोडणीवर पाऊण तासाच्या आत चाळता येतात, हे २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप या प्रोग्रॅमने दाखवलं. चाळणाऱ्याला तुमचं नावगाव ठाऊक नसतं, पुढचा आकडा आला म्हणून तो येतो. पोर्ट २३ म्हणजे टेलनेट, उपकरणात दुरून लॉगिन करायची जुनी सोय. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमने याच वाटेने, कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून, कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारे डीव्हीआर ताब्यात घेतले. त्याचा कोड उघड झाला आणि त्यावरून बेतलेले प्रोग्रॅम अजून फिरताहेत. फायरवॉलने असं पॅकेट टाकून दिलं की विषय संपला.

काही ओळी तर घरच्याच. मोबाइल वायफाय सोडून डेटावर गेला की जुन्या जोडणीची उरलेली पॅकेटं उशिरा येतात. फायरवॉल ती जोडणी विसरलेली असते, म्हणून अडवते. टीव्ही २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर, पोर्ट १९०० ला, घरात आणखी कोणती उपकरणं आहेत हे विचारत राहतो. घरातल्या बाजूचे नियम कडक असतील तर तेही लॉगमध्ये येतं.

हा गोंगाट बंद करायला कुठलंही पोर्ट उघडावं लागत नाही. बहुतेक फायरवॉल नियम वरून खाली वाचतात. शेवटच्या ‘सगळं अडवा’ नियमाच्या वर, ओळखीच्या गोंगाटासाठी वेगळा नियम लिहा: अडवायचं, पण नोंद करायची नाही. संरक्षण तेवढंच राहतं.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण खरी भीतीची ओळ उलट्या दिशेची असते. सीताबर्डीहून आणलेला डीव्हीआर रात्री बाहेरच्या अनोळखी पत्त्यांच्या पोर्ट २३ वर धडका देताना दिसला, तर तो बाधित आहे असंच धरा. हजार निरुपयोगी ओळींत ही एक सापडणार कशी? दिसली तर आधी त्याची नेटवर्क केबल काढा. मिराई मेमरीत राहतो, त्यामुळे बंद-चालू केल्यावर जातो, पण पासवर्ड तोच ठेवून पुन्हा जोडलं की काही मिनिटांत परत येऊ शकतो. म्हणून केबल लावण्याआधी पासवर्ड बदला, आणि मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून राउटरमध्ये उघडलेलं पोर्ट बंद करा.